वरच्या ठाण्याचा आकडा

सोमवारी सकाळी ऑफिस उघडून अर्धा तास होतो न होतो तोच किल्लीवालीच्या टेबलाभोवती पाच माणसं गोळा झाली. तिला ऑफिसात सगळे किल्लीवालीच म्हणायचे. नदीवरच्या बंधाऱ्याचं ते ऑफिस; पाण्याची पातळी, दरवाजांची उघडझाप, सगळा हिशेब एका सर्व्हरवर चालायचा. तो सर्व्हर आणि सगळ्यांचे पासवर्ड तिच्या ताब्यात होते, म्हणून हे नाव. तिला त्याचा राग नव्हता. घरी सासूबाईसुद्धा कधीकधी गमतीने तसंच हाक मारायच्या.

"लॉगिन होत नाही," पाचही जण एकदमच म्हणाले.

"पासवर्ड चुकत असेल."

"चुकत नाही ना! घेतो पासवर्ड. मागच्या वेळी कधी आला होतात तेही सांगतो. आणि मग तोंडात मिठाची गुळणी."

तिने स्वतः करून पाहिलं. खरंच तसं होतं. पासवर्ड टाकला, सर्व्हरने मानला, मागच्या लॉगिनची तारीख-वेळ दाखवली, आणि थांबला. डाव्या कोपऱ्यात कर्सर लुकलुकत राहिला. एक मिनिट, पाच मिनिटं, वीस मिनिटं. ना चूक दाखवली, ना हाकलून दिलं. पासवर्ड चुकला असता तर त्याने तोंडावर दार आपटलं असतं. इथे दार उघडत होतं, पाहुण्याला आत घेतलं जात होतं, आणि मग घरातलं कुणी बाहेरच येत नव्हतं.

दिवसभर तिने नेहमीचे सगळे उपाय केले. केबल तपासल्या, डिस्क भरली आहे का पाहिलं, मेमरी पाहिली. साहेब म्हणाले, बंद करून चालू कर. तेही केलं. सर्व्हर ताजातवाना होऊन उठला आणि पहिल्याच लॉगिनला पुन्हा तसाच गप्प झाला.

ऑफिसचे साहेब पन्नाशीचे, मितभाषी, शर्टाच्या बाह्या कायम मनगटापर्यंत. त्या दिवशी मात्र ते खुशीत होते. नदीचं पाणी सकाळपासून उतरत चाललं होतं. बंधाऱ्याखालच्या पुलाच्या दोन खांबांची दुरुस्ती महिनाभर पाण्यामुळे अडली होती. "आता माणसं पात्रात उतरवता येतील," ते म्हणाले. "तू तेवढं हे लॉगिनचं बघ."

मंगळवारी तिने वेगळा रस्ता धरला. मशीनच्या खोलीत जाऊन ती थेट सर्व्हरच्या स्वतःच्या कीबोर्डवर बसली. तिथून मुख्य खात्याने शिरलं की रोजचे स्वागताचे सोपस्कार होत नाहीत. ती सरळ आत गेली आणि आत काय चाललंय त्याची यादी काढली.

अडकलेली एकोणीस लॉगिनं यादीत ओळीने उभी होती. प्रत्येकाने आत आल्या आल्या एकच छोटा प्रोग्राम सुरू केला होता आणि प्रत्येकाचा प्रोग्राम एकाच पत्त्यावर प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसला होता. तिने तो प्रोग्राम उघडला. जेमतेम दहा ओळी. तिच्या आधी हे काम बघणाऱ्या माणसाने पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेल्या. वर त्याने टीप लिहून ठेवली होती: पाणी बघितल्याशिवाय कुणी आत येऊ नये.

कुणीही लॉगिन केलं की सर्व्हर आधी वरच्या ठाण्याला, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला पाणी मोजणाऱ्या ठाण्याला, पातळी विचारायचा, ती स्क्रीनच्या माथ्यावर दाखवायचा आणि मगच माणसाला पुढे सोडायचा. तिला आठवलं, रोज सकाळी एक आकडा दिसायचा खरा. तीन दहा, दोन नव्वद, असं काहीतरी. रोज दिसणारी गोष्ट कोण बघतं?

आजार सापडला होता. ती एक ओळ काढली की दोन मिनिटांत सगळं सुरळीत. तिने ओळ काढायला बोट नेलंही, आणि मग तिचा हात तसाच राहिला.

वरचं ठाणं तर बंद झालं होतं. तीन वर्षांपूर्वी.

ती साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, वरचं ठाणं नक्की बंद आहे ना?"

"मीच केलं बंद," साहेब कागदावरून मान न उचलता म्हणाले. "तिथला मोजणीदार वारला, नवीन माणूस मिळेना. मी स्वतः गेलो होतो. पात्रातली मोजपट्टी काढून आणली, वीज तोडली, कुलूप घातलं. का?"

"मग काल-परवापर्यंत आपल्याला आकडा कोण देत होतं?"

आता मात्र साहेबांनी मान उचलली.

तिने सोबत आणलेले कागद त्यांच्यासमोर पसरले. प्रत्येक उत्तर सर्व्हर आपसूक नोंदवून ठेवायचा. तीन वर्षांचे आकडे होते, दिवसातून तीनदा, एकही खाडा नाही. शेवटची नोंद रविवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांची, दोन पंच्याऐंशी. त्यांच्या शेजारी तिने इथल्या, बंधाऱ्यावरच्या पातळ्या मांडल्या होत्या. वर पाणी चढलं की इथे अडीच-तीन तासांनी चढलेलं. वर उतरलं की इथे उतरलेलं. तीन वर्षं, पावलावर पाऊल.

"लॉगिन आता का अडकतंय हे मला कळलं," ती म्हणाली. "इतके दिवस का अडकलं नाही, ते कळत नाही."

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिले. "तिथे पट्टीच नाही," ते म्हणाले. "काय बघून कुणी आकडा सांगेल?" मग एकदम कागद गोळा करून तिच्या हातात देत म्हणाले, "ती ओळ काढून टाक. विषय संपव."

"काढते. पण एक दिवस द्या. दरवाजे चालवणाऱ्यांना मी वेगळ्या वाटेने आत सोडलंय, काम अडणार नाही. ओळ काढली तर पलीकडे कोण आहे ते कधीच कळायचं नाही."

साहेब खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "जीप घेऊन जा."

बुधवारी सकाळी ती निघाली. ऑफिसची जीप चालवायला तिचाच धाकटा दीर. त्याच्या तोंडाला कधी विश्रांती नसे. घाटाचं पहिलं वळण यायच्या आत त्याने सगळी हकीकत तिच्याकडून काढून घेतली.

"वहिनी, आधीच सांगून ठेवतो. भूतबीत निघालं तर मी गाडीतून उतरणार नाही. दादाला तोंड दाखवायचंय मला."

"भाऊजी, भुताला कॉम्प्युटर कशाला लागेल?"

"हल्ली सगळ्यांनाच लागतो."

अडीच तासांनी डांबरी रस्ता संपला आणि नदीकाठी ठाण्याची दगडी खोली दिसली. कुलूप गंजून एकजीव झालं होतं. तिने खिडकीच्या काचेवर तळहात घासून आत पाहिलं. टेबल, खुर्ची, भिंतीवर ओलीचे डाग. विजेच्या पेटीतून तोडलेल्या तारा लोंबत होत्या. टेबलावर मशीन नव्हतं, पण धुळीतही त्याची चौकट ओळखू येत होती.

ती काठावर उतरली. पात्रात सिमेंटचा खांब उभा होता आणि त्यावर मोजपट्टी बसवलेल्या बोल्टांची रिकामी भोकं होती. साहेब खरं बोलले होते. इथे बघण्यासारखं काही नव्हतं.

आणि नदीही जवळजवळ नव्हतीच. उघड्या पडलेल्या गोट्यांमधून करंगळीएवढी धार चालली होती. डबक्यांत मासे तडफडत होते. ऊन लख्ख पडलं होतं, वारा नव्हता, आणि कसलाच आवाज नव्हता. तिला आधी कळेना की नेमकं काय खटकतंय. मग दीरच म्हणाला, आणि त्याचा आवाज एरवीपेक्षा बारीक निघाला, "वहिनी, पाखरं कुठे गेली सगळी?"

खोलीमागच्या खांबावरून टेलिफोनची एक तार निघाली होती. ती तोडायचं कुणाच्या ध्यानात आलं नसावं. तार झाडांमधून वर चढत गेली होती. दोघं तिच्या मागे मागे चढाव चढले. वर सपाटीवर पत्र्याचं दोन खोल्यांचं घर होतं. दार सताड उघडं. आतून थोड्या थोड्या वेळाने 'टिंग' असा आवाज येत होता.

"मी इथेच थांबतो," दीर म्हणाला.

आत, भिंतीला लागून, ठाण्याचं मशीन होतं. जुनं, जाडजूड पडद्याचं. त्यासमोर सत्तरीची एक बाई ताठ बसली होती. केस नीट विंचरलेले, दोन्ही हातांची बोटं कीबोर्डवर टेकवलेली. पडद्यावर दोनच ओळी होत्या. आकडा? आणि त्याखाली, वाट बघणारे: तेवीस.

'टिंग' झालं. तेवीसचे चोवीस झाले.

"बघ, अजून एक आला," बाई मागे न बघता म्हणाली. "चोवीस जण ताटकळलेत. माझाही जीव तुटतो गं. पण मी काय करू? तो बोलतच नाही."

किल्लीवालीने दाराची चौकट धरली. "मावशी, कोण बोलत नाही?"

"माझा भाऊ." आता ती वळली. चेहरा दमलेला होता, पण नजर अगदी स्वच्छ होती. "तू बंधाऱ्याच्या ऑफिसातली ना? बस. पाणी पी. माठ तिथे आहे."

किल्लीवाली बसली. पाणी प्यायली. दोन भांडी प्यायली. मग बाईने सांगितलं. तिचा भाऊ म्हणजे ठाण्याचा मोजणीदार. खोलीचं छप्पर गळायला लागलं तेव्हा त्यानेच मशीन घरी आणलं आणि तार ओढून घेतली. नदीवर जाऊन पट्टी बघायचा, वर येऊन आकडा सांगायचा, आणि बहीण तो मशीनमध्ये टाकायची, कारण त्याला कीबोर्ड जमत नसे. ताजा आकडा टाकला की मशीन बारा तास तोच सगळ्यांना सांगतं. शिळा झाला की सांगत नाही, नवा मागतं आणि थांबतं.

"आणि ते गेल्यावर?"

"गेल्यावर तेराव्या दिवशी मी इथेच बसले होते. मशीन टिंग टिंग करत होतं. मला वाटलं, बंद करून टाकावं. तेवढ्यात तो दारातून म्हणाला, तीन पाच. नेहमी म्हणायचा तसंच, चपला काढता काढता. मी टाकलं." तिने खांदे उडवले. "तेव्हापासून दिवसातून तीन वेळा येतो. दुसरं काही बोलत नाही. मी विचारते, जेवलास का, बरा आहेस का. उत्तर नाही. फक्त आकडा."

"मग आता का थांबले?"

"तेच तर! सोमवारी सकाळी आला. दारात उभा राहिलाय हे कळलं मला. पण बोललाच नाही. तेव्हापासून तिथेच आहे." तिने हनुवटीने दाराकडे दाखवलं, जिथे मघाशी किल्लीवालीने हात टेकवला होता तिथे. "जिवंत असतानाही असाच. खात्री नसेल तर गप्प बसायचा. अंदाजाने आकडा त्याने कधी सांगितला नाही."

किल्लीवालीला दाराकडे बघायचा धीर होईना. ती पडद्याकडे बघत राहिली. बंधाऱ्याच्या ऑफिसात चोवीस माणसं कर्सरकडे डोळे लावून बसली होती, ही बाई त्यांच्यासाठी बसली होती, आणि ज्याच्यासाठी सगळे बसले होते तो म्हणे दारात उभा होता. तिने पर्स सावरली. आता उठावं, ऑफिसात जावं, ती ओळ काढून टाकावी आणि या बिचाऱ्या बाईचं कुणी नातेवाईक आहे का त्याची चौकशी करावी, असं तिने मनाशी ठरवलं.

तेवढ्यात बाईने मान तिरकी केली. कुणीतरी बारीक आवाजात बोललेलं नीट ऐकू यावं म्हणून करतात तशी.

"किती?" ती म्हणाली. आणि मग, "पुन्हा सांग."

तिची बोटं हलली. नऊ. टिंब. साठ. आणि एंटर.

वाट बघणारे: शून्य.

दहा सेकंदांत किल्लीवालीचा फोन वाजला. साहेब होते. "अगं, सुटले सगळे एकदम! काय केलंस काय तू?"

"साहेब, स्क्रीनवर काय आकडा आलाय?"

"थांब हं. नऊ साठ." ते हसले. "म्हणजे मशीन बिघडलंय. इथे पाणी दीड मीटरवर आलंय."

"पात्रात माणसं आहेत?"

"अकरा जण. खांबांचं काम चाललंय. का?"

तिने उघड्या दारातून खाली पाहिलं. ऊन, गोटे, करंगळीएवढी धार. "साहेब, त्यांना बाहेर काढा."

"कशाच्या आधारावर?"

"आकड्याच्या."

"तिथे पट्टी नाही, मोजणीदार नाही. मी अकरा माणसं आणि क्रेन कशावरून हलवू?"

"तीन वर्षं पट्टी नव्हतीच," ती म्हणाली. "तीन वर्षांत एकदाही आकडा चुकलेला नाही, तुम्ही स्वतः पाहिलंत. मी वेडी ठरले तर ठरू द्या."

मग साहेब म्हणाले, आणि तो आवाज साहेबांचा वाटेना, "ती टीप कुणासाठी लिहिली होती माहीत आहे तुला? पाणी बघितल्याशिवाय आत येऊ नये. माझ्यासाठी. मी नवीन होतो. वरून पाणी येतंय ते न बघता लॉगिन केलं आणि दरवाजे उघडले. खाली एक माणूस होता." त्यांनी श्वास घेतला. "काढतो सगळ्यांना. आत्ता काढतो."

फोन ठेवून ती बाहेर आली. दीर जीपकडे निघाला होता, त्याला तिने ओरडून वर बोलावलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. तो चढून येतो न येतो तोच पायाखालची जमीन गुरगुरायला लागली. आधी वारा आला, थंड, मातीच्या वासाचा. मग वळणामागून पाणी आलं. पाणी म्हणायचं एवढंच. झाडं, चिखल, दगड यांची ती एक तपकिरी भिंत होती. ठाण्याची दगडी खोली तिने बघता बघता गिळली. टेलिफोनचा खांब आडवा झाला. जीप उलटीपालटी होत वळणाआड गेली. पाणी सपाटीच्या खाली दोन हातांवर येऊन थांबलं आणि तिथेच घोंघावत राहिलं.

दिराने खिशातली जीपची किल्ली काढून पाहिली.

आत बाई शांतपणे मशीन पुसत होती. तार तुटल्यामुळे पडदा कोरा झाला होता. "मला वाटलंच," ती म्हणाली. "त्याचा आवाज चढला होता."

सव्वातीनला ते पाणी बंधाऱ्यावर पोचलं. दरवाजे तोवर पूर्ण उघडले होते. पुलाखालची परांची, दोन पंप आणि क्रेन वाहून गेली. अकराच्या अकरा माणसं काठावर उभी राहून ते बघत होती. पुलावर चिखलाची जी रेघ उमटली ती नंतर मोजली, नऊ पंचावन्न.

आठवड्याने पाहणी करणारे आले. वरच्या खिंडीत डोंगर खचून नदी अडली होती, मागे तळं साचत गेलं होतं आणि बुधवारी ते फुटलं, असं त्यांनी लिहिलं. डोंगर कधी खचला असेल, हे साहेबांनी मुद्दाम विचारलं. सोमवारी पहाटे, पाहणीवाल्यांनी सांगितलं.

किल्लीवालीने बिघाडाचा अहवाल एका ओळीत लिहिला: वरच्या ठाण्याकडून उत्तर येण्यास विलंब. साहेबांनी काही न विचारता सही केली. ती ओळ तिने प्रोग्राममधून काढली नाही. फक्त अर्ध्या मिनिटाची मर्यादा घातली. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर माणूस आत जाणार, पण स्क्रीनवर लाल अक्षरात दिसणार: वरून उत्तर नाही. आणि ते दिसलं की पात्रात कुणी उतरायचं नाही, असा हुकूम साहेबांनी काढला. बाईच्या घरी नवीन तार ओढून दिली. नदीत नवी मोजपट्टी बसवायचं ठरलं, त्याला अजून दोन महिने होते.

तार जोडायला किल्लीवाली स्वतः गेली होती. दीर या वेळी घरात आला, पण दाराच्या चौकटीला अंग लागू न देता, तिरका होऊन. काम संपलं तेव्हा दुपार झाली होती. बाईने चहा टाकला. मशीन सुरू झालं आणि पडद्यावर प्रश्न उमटला. आकडा?

"बस जरा," बाई तिला म्हणाली. "माझी भांडी घासायची राहिलीत. तो आला तर तू टाक."

"मला कसं कळणार, मावशी?"

"कळतं."

किल्लीवाली हसली आणि खुर्चीत बसली. आत भांड्यांचा आवाज येत होता. दीर खिडकीशी चहा फुंकत होता. खाली नदी नेहमीसारखी वाजत होती. दारात चपला काढल्याचा आवाज झाला. तिने पाहिलं नाही.

तिने बोटं कीबोर्डवर ठेवली आणि तीन चौदा टाकलं. चौदाच का, तेरा का नाही, असा विचारही तिच्या मनात आला नाही.